रयुकान: उन्हाला भेटायला वर जाणारं गाव

आम्ही अलिबागकर जन्मभर उन्हाला शिव्या घालतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका दुपारी रयुकानच्या चौकात वीसेक माणसं डोळे मिटून, तोंड वर करून उभी दिसली तेव्हा मला हसूच आलं. पाच मिनिटांनी मीही त्यांच्यातच होते, टोपी काढून.

ते ऊन सरळ आभाळातून आलेलं नव्हतं. चौकापासून साडेचारशे मीटर उंच कड्यावर तीन मोठे आरसे बसवलेत. सूर्य सरकेल तसे तेही संगणकाच्या हुकमाने फिरतात आणि चौकावर उजेडाचा लंबगोल पाडतात. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातलं हे गाव पूर्व-पश्चिम पसरलेल्या अरुंद दरीच्या तळाशी आहे. दक्षिणेचे डोंगर इतके उंच, की सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात सूर्य उतरत नाही. आरसे 2013 मध्ये बसले. कल्पना मात्र शंभर वर्षं जुनी. 1913 मध्ये ऑस्कर किटिल्सेन नावाच्या एका हिशेबनिसाने ती स्थानिक वर्तमानपत्रात मांडली होती.

"असल्या खड्ड्यात गाव वसवलंच कुणी?" मी ताईला विचारलं. ती आणि भाऊजी ऑस्लोला राहतात. तिथून गाडीने आम्ही तीनेक तासांत इथे आलो होतो.

उत्तर धबधब्यात आहे. रयुकानफोस्सेन 104 मीटर उंच, आणि नावाचा अर्थच 'धुमसणारा धबधबा'. सॅम एयडे या अभियंत्याला त्यात वीज दिसली. क्रिस्तियान बिर्केलांड या शास्त्रज्ञाबरोबर त्याने विजेच्या ठिणगीने हवेतला नायट्रोजन पकडून खत करायची युक्ती काढली होती. तिला वीज लागायची अफाट, आणि तेव्हा ती लांब नेणं परवडत नव्हतं. मग कारखानाच पाण्यापाशी आला, आणि त्याच्यामागून अख्खं गाव. 1911 मध्ये सुरू झालेलं वेमोर्कचं वीजघर तेव्हा जगातलं सर्वांत मोठं होतं. हा सगळा औद्योगिक वारसा 2015 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. धबधबा मात्र बहुतेक वेळ कोरडा असतो, त्याचं पाणी नळांतून जातं. हे कळल्यावर मी जरा हिरमुसले.

आरसा जमला नाही म्हणून खत कारखान्याच्या कंपनीने, नॉर्स्क हायड्रोने, 1928 मध्ये गावाला केबल कार दिली: क्रोस्सोबानेन. हेतू एवढाच, की कामगारांना हिवाळ्यात वर जाऊन ऊन खाता यावं. तिचे दोन डबे आहेत, लाल 'लिंगनबेरी' आणि निळा 'ब्लूबेरी'. आमच्याबरोबर एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असाव्यात. हातात स्की, पाठीला छोटी सॅक. वर, सुमारे नऊशे मीटरवर, दार उघडलं आणि खरंखुरं ऊन अंगावर आलं. मी फोटो काढेपर्यंत आजी पायाला स्की अडकवून दिसेनाशाही झाल्या! समोर हार्डांगरविड्डाचं पठार सुरू होतं, पांढरंशुभ्र, न संपणारं.

नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, 1942 च्या ऑक्टोबरमध्ये, याच पठारावर चार नॉर्वेजियन तरुण पॅराशूटने उतरले. वेमोर्कच्या कारखान्यात खतासाठी पाण्यापासून हायड्रोजन काढत, आणि त्यातूनच जड पाणीही (हायड्रोजनच्या जड प्रकाराचं पाणी) मिळे. अणुसंशोधनासाठी जर्मनांना ते हवं होतं. (आमच्याकडे थळलाही जड पाण्याचा कारखाना खत कारखान्याला खेटूनच आहे. पद्धत वेगळी, पण हायड्रोजनसाठी खताचा शेजार धरायचा हे गणित तेच. रोज त्या रस्त्याने जाऊनही हे मला नॉर्वेत येऊन उमगलं.) चौघांपैकी क्लाउस हेलबर्ग आणि येन्स-अंतोन पोउल्सन हे इथलेच, एकाच शाळेतले. अख्खा हिवाळा त्यांनी शेवाळ आणि रेनडिअरच्या मांसावर काढला.

जर्मनांचा पहारा वेमोर्कच्या झुलत्या पुलावर होता. खालची दरी कुणी ओलांडेल असं त्यांना वाटलंच नाही. हेलबर्गने आधी जाऊन वाट हेरली, आणि 1943 च्या 27 फेब्रुवारीच्या रात्री, मागून येऊन मिळालेल्या साथीदारांसह, नऊ जण दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडून पलीकडे चढले आणि तळघरातल्या टाक्यांना स्फोटकं लावली. वात पेटवणार, तेवढ्यात रखवालदार म्हणाला, माझा चष्मा हरवलाय. युद्धात नवा मिळणं मुश्कील, म्हणून त्यांनी थांबून तो शोधून दिला! एकही गोळी न झाडता सगळे निसटले, आणि ज्या वाटेने निसटले ती क्रोस्सोबानेनच्या तारांखालची नागमोडी वाट. हल्ल्याचा म्होरक्या योआकिम रोनेबर्ग याच्यासह पाच जण तिथून स्कीवर सुमारे 400 किलोमीटर तुडवत स्वीडनला पोचले.

वीजघरात आता संग्रहालय आहे आणि ते तळघरही उकरून खुलं केलंय. मला तिथल्या टाक्यांपेक्षा हेलबर्ग जास्त लक्षात राहिला. युद्धानंतर तो नॉर्वेजियन ट्रेकिंग असोसिएशनमध्ये काम करू लागला, लोकांना डोंगर दाखवत. या संस्थेची पहिली झोपडी, क्रोकान, 1868 पासून याच धबधब्याशेजारी. मला वाटतं हे शौर्य लष्करी छावणीत शिकवून आलेलं नव्हतं. शाळेच्या सुट्टीत जी पोरं दरीत उतरली असतील, तीच पुढे अंधारात उतरली.

आज त्या दरीत जगभरचे लोक बर्फ चढायला येतात. आसपास दीडशेहून जास्त धबधबे गोठतात. मी सह्याद्रीत कातळ चढलेय, त्यामुळे जरा मिजाशीतच दोर बांधला. कातळाला हात लावला की तो काहीतरी सांगतो. बर्फ फक्त कुऱ्हाडीच्या आवाजातून बोलतो. 'ठक्क' आलं तर धरलंय, 'खणण' आलं तर पोकळ. बारा मीटरवर पोटऱ्या थरथरू लागल्या. कान टेकवला तर आत पाणी वाहत होतं. तिथूनच खाली आले.

शेवटच्या दिवशी गाउस्ताटोप्पेन, 1883 मीटर. डोंगराच्या पोटातून वर जाणारी एक रेल्वे आहे, शीतयुद्धात लष्करासाठी खोदलेली, आता पर्यटकांची. आम्हाला मात्र पायांनी जायचं होतं, बर्फावर चालायचे रुंद जोडे घालून. अर्ध्यावर वारा असा सुटला की ताईचं बोलणं दोन हातांवर ऐकू येईना. शिखर दिसत होतं, म्हणून मी हट्टाला पेटले. भाऊजींनी शांतपणे नॉर्वेतला डोंगरनियम ऐकवला: "वेळेत मागे फिर, फिरण्यात लाज नाही." इथे शाळकरी पोरांनाही तो पाठ असतो म्हणे. फिरलो. उतरताना दोन गट आमच्याही आधी परतलेले दिसले, आणि गाडीपाशी बसून मजेत संत्री सोलत होते.

परतताना चौकात थांबलो. उजेडाचा लंबगोल अजून होता. ताईने माझा फोटो काढला, टोपी नसलेला, आणि मी तो आईला अलिबागला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं: "उन्हात काय उभी राहतेस? टोपी घाल."