पोकळी आहे, असू द्या

"मॅडम, पोराच्या डोक्यात पोकळी हाय म्हणत्यात." गेल्या आठवड्यात एक आई मुलाच्या सीटीची फिल्म घेऊन आली. पोरगा तिशीचा, यंत्रमागावर कामाला. गाडीवरून घसरला, कपाळाला टेंगूळ. मेंदूला काही इजा नाही. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'केव्हम सेप्टम पेल्युसिडम' लिहिलेलं, आणि कुणीतरी मोबाइलवर त्याचं मराठी करून दिलेलं.

मजा अशी, की त्याच सकाळी मी एका गरोदर बाईच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवत बाळाच्या मेंदूत हीच पोकळी शोधत होते, आणि बाळ मान वळवेना म्हणून ती सापडत नव्हती. घाम मला फुटला होता.

मेंदूच्या दोन बाजूच्या पाण्याच्या कप्प्यांमध्ये, पुढच्या भागात, एक पातळ पडदा असतो. वरून कॉर्पस कॅलोझम, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा पूल, खाली फॉर्निक्स ही तंतूंचीच कमान, मध्ये हा ताणलेला. पडदा दोन पदरी. पोटातल्या बाळात दोन पदरांमध्ये फट असते, तीच ही केव्हम. मागच्या बाजूने मिटत मिटत ती पुढे येते आणि जन्मानंतर काही महिन्यांत बहुतेकांची बंद होते. काहींची उरते. सीटीवर पाण्यासारखी काळी दिसते. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांना व्हेंट्रिकल म्हणतात; जुन्या पुस्तकांत तिला 'पाचवं व्हेंट्रिकल' म्हणत, ते चूकच. व्हेंट्रिकलचं अस्तर तिला नसतं. बॉक्सरांमध्ये ती जास्त आढळते हे खरं, पण हा पोरगा माग चालवतो.

बाळात मात्र ती दिसलीच पाहिजे. बाळातलं व्यंग शोधायला होणाऱ्या १८ ते २० आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये डोक्याच्या आडव्या छेदात मधली रेषा पुढे तुटते आणि तिथे छोटा काळा चौकोन दिसतो. तो नसेल तर कॉर्पस कॅलोझम बनलाय का, पुढचा मेंदू नीट विभागलाय का, हे सगळं तपासायला लागतं.

शिकत असताना मी एकदा चौकोन दिसल्यावर खुशाल 'आहे' अशी टिक केली होती. सर मागे उभे. म्हणाले, "रेषा मोज." मोजल्या. तीन. केव्हमला बाजूच्या दोनच रेषा, मध्ये निव्वळ पाणी, गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखं. मध्ये तिसरी आली की तो फॉर्निक्स. छेद जरा खाली गेलेला असतो. प्रोब वर सरकवला तेव्हा खरी केव्हम दिसली. अजूनही ओठांतल्या ओठांत मोजते, एक, दोन.

त्या आईच्या रिपोर्टवर मी पेनाने लिहिलं: 'जन्मापासूनची ठेवण. काही करायला नको.' तिने ते मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. मग मला विचारलं, "मग आधीच असं लिवायचं की. आमी तीन रात्री झोपलो न्हाई."

सकाळच्या बाईला चॉकलेट खाऊन फिरून यायला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने बाळाने मान वळवली. दोन रेषा.