आयर्विनला किती?

आमचं अॅप तसं साधं, एका गल्लीतल्या नाहीतर वॉर्डातल्या लोकांनी लाइव्ह बोलायचं. मागच्या पावसाळ्यात मला सांगलीला पाठवलं, लोक ते खरंच कसं वापरतात ते बघायला. प्रोटोटाइपमध्ये सगळं होतं, कोण ऑनलाइन आहे, कोण टाइप करतंय त्याचे नाचणारे तीन ठिपके, आमच्या डेव्हलपरचा त्या ठिपक्यांवर फार जीव.

सूर्यवंशी प्लॉटमध्ये एका काकूंकडे बसले होते. कृष्णा चढत होती. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ. खालचं सामान काकूंनी आधीच माळ्यावर टाकलेलं, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं ते कोण विसरतंय. मी म्हटलं, काकू, वापरता वापरता मनात येईल ते बोला (हे आम्ही सगळ्यांना सांगतो आणि लोक हमखास गप्प बसतात, काकू नाही बसल्या).

ग्रुपवर पुलाचा फोटो आला. काकूंनी दोन बोटांनी मोठा केला, पाण्याकडे बघितलंच नाही, थेट कठड्यावर बोट. "ह्यो आजचा न्हाई. सावली पडलीय बघ. आज सकाळपासनं ऊन कुठं हाय?" मग आकडा शोधायला लागल्या, वर तिघांनी तीन टाकलेले, ३७, ३९, ३८, तरी त्यांनी परत लिहिलंच, 'आयर्विनला किती?' म्हटलं काकू, वर आहे की.

"अगं, आलंय आत्ता, पण बघितलंय कवा कुणाला ठावं?"

मी पेनच खाली ठेवला. व्हॉट्सअॅपवर २०१८ पासून फॉरवर्डेड असा शिक्का येतो, पण मूळ मेसेज कधीचा ते कुठे कळतं, दिसते ती तुम्हाला पाठवल्याची वेळ. म्हणून तोच प्रश्न शंभरदा येतो, आणि आम्ही ऑफिसात बसून असे रिपीट प्रश्न आपोआप दाबून टाकायचा बेत करत होतो!

ठिपक्यांचं पण सांगते. पुलाजवळ राहणारा एक दादा टाइप करायला लागला, ठिपके नाचतायत, सगळा ग्रुप गप्प, काकू तर गॅस बारीक करून आल्या की हा काय सांगतोय आता, आणि बऱ्याच वेळानं आलं काय तर 'ओके'. काकूंनी त्याला घातलेली शिवी माझ्या नोट्समध्ये आहे, रिपोर्टमध्ये नाही.

लास्ट सीन मात्र त्या बघतात. दत्तनगरच्या भावाचं सकाळी सहाचं दिसत होतं, "लाइट गेली आसंल त्यांच्याकडं", म्हणत शेजारणीच्या पोराला तिकडं पिटाळलं पण.

आता आकडा टाकताना अॅप 'कधी बघितलं' विचारतं, त्यातल्याच कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोवर वेळ छापून येते, शेवटचा आकडा वर चिकटून राहतो आणि जुना होईल तसा फिका पडत जातो. पाणी ४० च्या वर गेलं की ठिपके बंद करा असंही मी लिहून दिलंय, त्यावर डेव्हलपर अजून भांडतोय.