आणीबाणीचे अवरोहण : ३४ वे उड्डाण

विमान चालवायला शिकतानाच्या मागच्या नोंदीतल्या ग्लाइडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय तरंगत उतरण्यात, सारी धडपड उंची राखण्याची होती. या वेळी शिकायचे होते ते नेमके उलटे. इंजिनाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरला किंवा प्रवाशाची प्रकृती एकाएकी बिघडली, तर विमानाच्या मर्यादा न ओलांडता उंची झटपट कमी करायची, याला इमर्जन्सी डिसेंट म्हणतात. अमेरिकेतील खासगी वैमानिकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बँक (वळताना विमानाचा एका बाजूला कल) ३० ते ४५ अंश हवी, ठरवलेल्या वेगापेक्षा एक नॉटही (विमानाच्या वेगाचे एकक) जास्त चालत नाही, कमी फार तर १० नॉट, आणि सांगितलेल्या उंचीच्या १०० फुटांच्या आत विमान सरळ व्हावे लागते.

शनिवारी सेसना १७२ एस हे छोटे विमान घेऊन सरावक्षेत्रात गेलो. ४५०० फुटांवर आसपास दुसरे विमान नसल्याची खात्री झाल्यावर प्रशिक्षक इतकेच म्हणाले, "इंजिनाला आग. २५०० ला सरळ करा." मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) आणि इंधनाचा शटऑफ व्हॉल्व्ह यांना सरावात नुसते बोट लावून नाव घ्यायचे असते, थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मात्र खरोखर पूर्ण मागे घेतला, डावीकडे ४५ अंश बँक दिली आणि नाक खाली जाऊ दिले. वळण कशासाठी, हे तेव्हा पाठीला कळले: नाक सरळ पुढे ढकलले की अंग आसनावरून सुटते आणि माणूस पट्ट्यात लटकतो, वळणात मात्र तो आसनावर दाबलेलाच राहतो, शिवाय खालचा मुलूखही दिसत राहतो.

वेग १२० नॉट ठरवला होता. वेगमापकावरची हिरवी कमान १२९ ला संपते, पुढची पिवळी फक्त शांत हवेसाठी असते, आणि दुपारची हवा काही शांत नव्हती. उंची मिनिटाला सुमारे २००० फुटांनी उतरत होती. त्या एका मिनिटात दीड फेरी होते.

घोटाळा झाला तो शेवटी. २५०० जवळ येताच मी घाबरून योक (विमानाचे सुकाणू-चाक) ओढला, पण बँक तशीच होती. त्यामुळे नाक वर येण्याऐवजी वळणच आवळले, काटा १३४ वर गेला आणि विमान २२८० ला सरळ झाले. खऱ्या स्पायरल डाइव्हमध्ये, म्हणजे गोल फिरत वेगाने खाली कोसळताना, हीच ओढ पंखांवर जीवघेणा भार आणते, असे प्रशिक्षकांनी शांतपणे सांगितले, आणि त्या शांतपणानेच मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या खेपेपासून "आधी पंख, मग नाक" असे मराठीतच पुटपुटू लागलो. अवरोहणाच्या दराचा दहावा हिस्सा, म्हणजे २०० फूट आधी, २७०० ला पंख समतल करायला घेतले. तरी ८० फूट खाली गेलो. तिसऱ्या वेळी २४६० फूट आणि वेग ११८. प्रत्येक खेपेनंतर पुन्हा वर चढताना, उतरताना थंड पडलेले इंजिन आपोआप तापत होते. कानांत मात्र रात्रीपर्यंत दडे बसलेले होते.

पुढच्या शनिवारी आगीची पूर्ण चेकलिस्ट याच्याशी जोडायची आहे. तिथे विमानाच्या पुस्तिकेतला वेग १०० नॉट आहे, आग विझली नाही तरच तो वाढवायचा. म्हणून रोज रात्री खुर्चीत बसून डोळे मिटून तीच हालचाल घोकतो आहे.