अंगठा दुखायचा, मोडला मणका

पाण्याची कळशी उचलताना कमरेत कट्कन आवाज झाला, असं सांगत काका काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन आत आले. वय अठ्ठावन्न, राहणार रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, जन्म मासेमारीत गेलेला. उसण भरली असेल म्हणून घरी शेकून, तेल चोळून झालं होतं. एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला.

कष्टाची सवय असलेल्या पुरुषाचा मणका कळशीने चेपत नाही. पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली बाई असती तर गोष्ट वेगळी. म्हणून मी त्यांना पुन्हा नीट तपासलं. चेहरा गोल, सुजल्यासारखा. हातपाय मात्र काटकुळे. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पातळ, त्यावर जांभळे डाग. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी टणक गाठ, आतून पांढरट दिसणारी.

"ही गाठ कधीपासून?"

"ती युरिक ॲसिडची. लई वर्षं झाली. ठणका लागला की चादरसुद्धा सहन होत नाही. मग मेडिकलमधली बारकी गोळी घेतो, सकाळी चालायला लागतो."

काकूंनी पिशवीतून रिकामी पाकिटं काढली. बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड; गोल चेहरा आणि जांभळे डाग त्याचेच. आधी ठणक्यापुरती, मग रोज सकाळी चहाबरोबर.

स्टेरॉइड हे गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या, झटक्यावरचं खरं औषध आहे, पण डॉक्टरच्या नजरेखाली आणि मोजक्या दिवसांपुरतं. वर्षानुवर्षं घेतलं की ते हाड तयार करणाऱ्या पेशींनाच दाबून टाकतं. शिवाय त्याने झटका शमतो, युरिक ॲसिड जिथल्या तिथे राहतं. काकांचं ९.८ निघालं. साधारण ६.८ च्या वर गेलं की ते रक्तात नीट विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात.

पायाचा एक्स-रे मी काका-काकू दोघांनाही दाखवला. अंगठ्याच्या सांध्यालगत हाडाला गोल खड्डा, आणि खड्ड्याच्या तोंडाशी हाडाची कड बाहेर आलेली. आमवातात असा खड्डा सहसा दिसत नाही; गाऊटची ही ओळखीची खूण. गाठीभोवती हाड विरघळवणाऱ्या पेशी वाढतात, नवं हाड घालणाऱ्या मागे पडतात. म्हणजे अंगठ्याचं हाड आजाराने खाल्लं आणि मणक्याचं गोळीने. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात.

सगळ्यात वाईट वाटलं ते पथ्य ऐकून. कुणीतरी सांगितलं म्हणून दूध, दही, डाळी, टोमॅटो सगळं बंद. बांगडा आणि तारली मात्र रोज ताटात, कारण तेच घरचं अन्न. युरिक ॲसिड वाढतं ते मांस, मासे आणि दारूने. डाळींमुळे गाऊट वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि कमी सायीच्या दुधाने तर धोका कमी होतो. ज्या माणसाला कॅल्शियमची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच ताटातून दूध-दही काढलं गेलं होतं.

गोळी एकदम बंद करायची नाही, हे मी दोघांना पुन्हा पुन्हा बजावलं. इतकी वर्षं स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळू उतरवला. युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून वाढवत नेलं. सुरुवातीला झटके उलट वाढू शकतात, म्हणून सोबत कोल्चिसिनचा छोटा डोस दिला. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सुरू केलं, आणि मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री करून हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदाचं इंजेक्शन.

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बीटामेथासोन विकणं कायद्याने गुन्हा आहे. तरी ते सर्रास मिळतं, याचा मला संताप येतो.

काकांचं युरिक ॲसिड आता पाचच्या आत आहे, गाठ निम्म्याने उतरली आहे, कंबर दुखत नाही. चेपलेला मणका पुन्हा वर येत नाही, हे त्यांना सांगितलं आहे. बांगडा आठवड्यातून एकदा, रोज कपभर दही. पुढचा डेक्सा पावसाळ्यानंतर.