फुगा स्वस्त, होल महाग

केमोचं औषध लावून घरी पाठवतात तो प्लास्टिकचा पंप ज्यांनी बघितलाय त्यांना माहिती असेल, बाहेर बाटली, आत सिलिकॉनचा नाहीतर दुसऱ्या रबराचा फुगा, त्यात औषध भरलेलं आणि पुढं बारीक नळी. लाईट नको, बॅटरी नको, सलाईनचा स्टँड नको, फुगा आकसत जातो आणि औषध पुढं ढकलत राहतो. बघणाऱ्याला वाटतं सगळी करामत फुग्याची आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपमध्ये काम करतो आणि बरेच महिने असा पंप स्वस्तात बनवायच्या मागं लागलोय, आणि माझं मत असं झालंय की फुगा हा ह्यातला सोपा भाग आहे. पंप अचूक की नाही ते ठरतं नळीच्या टोकाला जी काचेची कॅपिलरी, म्हणजे केसासारख्या होलची नळी, असते तिथं, आणि स्वस्तात करायचा असेल तर डोकं तिथंच लावायला पाहिजे.

थोडा हिशोब सांगतो. असल्या फुग्याचं प्रेशर साधारण २६० ते ५२० मिमी पारा असतं, आपण ४०० धरू. ताशी २ मिली औषध जायला पाहिजे आणि कॅपिलरी ५ सेंमी लांब आहे, तर तिचा बोअर, म्हणजे आतल्या होलचा व्यास, येतो जवळपास ६४ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता मेख अशी की फ्लो हा बोअरच्या चौथ्या घातात बदलतो. बोअर फक्त ३ मायक्रॉननं मोठा झाला की फ्लो २० टक्के वाढला! बाजारातल्या पंपावर ±१० किंवा ±१५ टक्के अचूकता लिहिलेली असते, म्हणजे ३ मायक्रॉनमध्येच आपण बाहेर पडलो. आमच्याकडं क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करणाऱ्याला मायक्रॉनची भीती नाही, पण ते बाहेरून घासायचं काम असतं, ह्या होलच्या आत हात घालता येत नाही, काच तापवून नळी ओढताना जसं आलं तसंच राहणार. म्हणून एकदम अचूक बोअरची कॅपिलरी मागायला गेलं की किंमत चढते आणि मग पंप गरिबाच्या हातात राहत नाही.

पण चौथा घात बोअरला आहे, लांबीला नाही. लांबी दुप्पट केली तर फ्लो निम्मा, सरळ हिशोब. म्हणजे होल ३ मायक्रॉन मोठं आलं असेल तर ५ सेंमीच्या जागी ६ सेंमी तुकडा ठेवायचा, फ्लो परत जागेवर. इंजिनच्या कामात पिस्टन आणि लायनर मोजून त्यांचे ए, बी, सी ग्रेड पाडून जोड्या लावतात, सगळेच एका मापाचे करत बसत नाहीत, तेच इथं करायचं. साधी कॅपिलरी घ्या, प्रत्येक लॉटचा फ्लो ठरलेल्या प्रेशरवर आणि ठरलेल्या टेम्परेचरवर मोजा, त्याप्रमाणं लांबी कापा. महाग माल घेण्यापेक्षा मोजण्यावर खर्च करा, हे माझं म्हणणं आहे आणि ह्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. कॅपिलरीच्या आधी चांगला फिल्टर मात्र पाहिजेच, त्यात कंजुषी नको, ६४ मायक्रॉनच्या होलला एक कण पुरे होतो.

आता टेम्परेचर. पाणी गार झालं की जाड होतं, १ डिग्रीला फ्लो साधारण दोन-सव्वादोन टक्क्यांनी हलतो. म्हणून कंपन्या ३१-३२ डिग्री धरून पंप सेट करतात आणि कॅपिलरीचा भाग अंगाला चिकटपट्टीनं लावायला सांगतात, कातडीचं टेम्परेचर तेवढं असतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या माझ्या मावशीला ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवलं होतं, डिसेंबर होता. तिचा पहिलाच प्रश्न, "व्हय रे, ह्यात ना बटन ना लाईट, औषध जातंय म्हणून कळायचं कसं?" हा प्रश्न सगळ्या डिझाइन करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. पट्टी निघून ती कॅपिलरी पहाटेच्या गारठ्यात १५ डिग्रीला राहिली तर फ्लो जवळपास एक तृतीयांशानं पडतो, आणि तशीच राहिली तर ४६ तासांचं औषध ६८ तासांवर जाईल. पंप काही बोलणार नाही, त्याला अलार्म नसतो. आम्ही मावशीला किचनचा वजनकाटा दिला. ताशी २ मिली म्हणजे १२ तासांत २४ ग्रॅम कमी व्हायला पाहिजेत, तिनं वहीत वजनं लिहिली आणि मनातली धाकधूक गेली.

हा पंप कुठं वापरायचा नाही तेही सांगायला पाहिजे. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, इन्सुलिन असली बीपी नाहीतर साखर सांभाळणारी औषधं, ज्यांचा रेट मिनिटामिनिटाला पेशंट बघून बदलावा लागतो, तिथं इलेक्ट्रिक सिरिंज पंपच पाहिजे. फुगा सुरुवातीला जोरात ढकलतो, मधे सपाट चालतो आणि शेवटी परत थोडा जोर धरतो, त्यात कमी भरला तर उलट जास्त पळतो. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये औषध मिसळलं तर सलाईनपेक्षा साधारण १० टक्के हळू जातं. मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती मॅगसल्फची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची. झटके येण्याच्या भीतीतल्या बाळंतिणीला पहिला मोठा डोस दिल्यावर शिरेतून ताशी १ ग्रॅम द्यायचं असतं, नाहीतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम कमरेत, आणि ते इंजेक्शन किती दुखतं ते बायकांनाच विचारा. कणकुंबीकडनं पावसाळ्यात बेळगावला येणारी ॲम्ब्युलन्स, हलणारा स्टँड, थेंब मोजणारी सिस्टर, तिथं लाईट न लागणारा पंप असला तर केवढा आधार. पण मॅगसल्फचं द्रावण जाड असतं, त्याला वेगळी कॅपिलरी लागेल, केमोचा पंप उचलून चालणार नाही.

टेस्टिंगला लई मोठी लॅब लागते असं लोक म्हणतात. असल्या बिनविजेच्या पंपांसाठी आयएसओ २८६२० हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आणि फ्लो टेस्टचा गाभा म्हणजे बारीक काटा, स्थिर टेम्परेचर आणि वेळेवर लिहिलेली वजनं. खरा खर्च पुढं आहे, क्लीन रूम, ईटीओ गॅसनं जंतू मारणं (स्टरलायझेशन), मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ खालचं लायसन्स, ते टाळायचं नाही आणि टाळावं असं मला वाटतही नाही. शिस्तीत टेस्टिंग आपल्या जिल्ह्यात झालेलं आहेच की. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जेएनएमसी मेडिकल कॉलेजवाल्यांनी १,६२० बायकांवर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा ट्रायल केला, २००६ ला लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आला, बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आला. स्वस्त गोळी, गावातल्या नर्सबाईंच्या हातून, आणि पुरावा जगानं मानलेला.

माझ्या पंपाच्या पाकिटावर मला चार गोष्टी मोठ्या अक्षरात पाहिजेत, कुठल्या औषधाला आणि कशात मिसळून, किती मिली भरायचं, कॅपिलरी अंगाला चिकटलेली आहे का ते बघा, आणि दर १२ तासांनी वजन किती दिसायला पाहिजे. ते कन्नड आणि मराठी दोन्हीत, कारण खानापूरकडच्या पेशंटला सिस्टर कन्नडमध्ये वाचून समजावते आणि रात्री घरी वजन करणारी सून मराठीत वाचते.