नकाशावर हिरवी, पोटात पोकळ

त्या दिवशीचं काम वरवर सोपं होतं. नकाशा तयार होता, तो जमिनीवर ताडून बघायचा होता.

आमच्या गटाने एका पाणलोट क्षेत्राचे दोन नकाशे केले होते. पहिला मातीच्या गुणधर्मांचा: पोत, सेंद्रिय कर्ब, सामू (म्हणजे पीएच), खोली. दुसरा त्यावरून काढलेला, धुपीच्या धोक्याचा. पडताळणीला निघालं की पावलं आपोआप लाल पट्ट्यांकडे वळतात, कारण तिथे बघण्यासारखं काहीतरी असतंच. उघडा उतार, ओघळी, उघडी पडलेली मुळं. मी मुद्दाम हिरवे बिंदू मागून घेतले होते. नकाशा ज्या जागेबद्दल निर्धास्त असतो तिथे सहसा कुणी फिरकत नाही. शिवाय त्याच हिरव्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी समतल चर खोदायला जेसीबी येणार होता. धोका कमी, उतार सौम्य, माती खोल. पाणी अडवून जिरवायला याहून चांगली जागा कुठली, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब कुठून आला ते सांगायला हवं. अख्ख्या शिवारात खड्डे खणणं कुणालाच शक्य नसतं. नमुने मोजक्या जागी घेतात आणि मधली जागा अंदाजाने भरतात. त्या अंदाजाच्या मुळाशी मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी 1941 मध्ये मांडलेला विचार आहे: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ या पाच घटकांतून माती घडते. हे घटक ठाऊक असतील तर न पाहिलेल्या जागची मातीही बरीचशी ओळखता येते. 2003 मध्ये मृदाशास्त्रज्ञ ॲलेक्स मॅकब्रॅटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला गणिती चौकट दिली. आता उंचीचं मॉडेल, उपग्रहचित्रं आणि भूशास्त्रीय नकाशा रँडम फॉरेस्टसारख्या संगणकीय पद्धतीला दिले की प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा मिळतो, आणि तो आकडा किती डळमळीत आहे तेही कळतं. जगाचा सॉइलग्रिड्स नकाशा अशाच रीतीने केलेला आहे. त्याचा एक चौकोन 250 मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टरांचा. आमचे चौकोन त्याहून पुष्कळ बारीक होते.

धुपीसाठी समीकरण नेहमीचंच, विश्मायर आणि स्मिथ यांचं. दहा हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या (एक प्लॉट वर्षभर मोजला की एक प्लॉट-वर्ष) मोजमापांवर ते उभं आहे आणि अमेरिकी कृषी खात्याच्या 1965 आणि 1978 च्या पुस्तिकांमधून ते जगभर गेलं. पावसाचा मारा, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी, उताराची तीव्रता, आच्छादन आणि संवर्धनाचे उपाय, अशा सहा गोष्टींचा तो गुणाकार. त्याची प्रमाण जमीन म्हणजे 22.13 मीटर लांब, 9 टक्के उताराची, पिकाविना नांगरून ठेवलेली. या समीकरणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते पृष्ठभागावरून पातळ थराने आणि बारीक ओघळींतून जाणाऱ्या मातीचा अंदाज देतं. मोठ्या घळी त्यात येत नाहीत, हे त्या पुस्तिकेतच सांगितलेलं आहे. नकाशा रंगवून झाला की हे वाक्य कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि रंग तर सगळ्यांना दिसतो.

बिंदूवर पोहोचलो तेव्हा सगळं नकाशाबरहुकूम होतं. उतार दोन-तीन टक्के. गवताचं दाट आच्छादन. ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, घातला तर वरची वीतभर माती गडद तपकिरी, रवाळ, बोटांत सहज मोकळी होणारी. मातीचे रंग जुळवायच्या मन्सेल रंगपट्टीवर 10 वायआर 3/3 ही छटा जुळली. पोत अंदाजाप्रमाणे पोयट्याचा, कर्ब बरा असावा असं दिसतच होतं. माझ्या सहकाऱ्याने फॉर्मवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या बिंदूचं अंतर बघायला घेतलं.

बांधावरून एक मावशी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या.

“काय शोधताय, ताई?”

“माती तपासतोय, मावशी. उद्या इथे चर खणणार आहेत ना, त्याच्या आधी.”

“इथं चर?” त्या खाली उतरून आल्या. “इथं पाणी थांबतच नाही हो. वरनं येतं आणि या गवतात दिसेनासं होतं. आधी ते कुठं मुरतंय ते तरी बघा.”

“आणि बाहेर कुठे येतं?”

“ओढ्याच्या काठातनं. गढूळ, पांढुरकं. वरचं पाणी असं नसतं.”

वर स्वच्छ शिरणारं पाणी खाली गढूळ होऊन बाहेर पडत असेल, तर मधल्या वाटेत काहीतरी खरवडलं जातंय, एवढं त्या बोलण्यातून उघड होतं. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो.

गवत बाजूला केल्यावर पंजाएवढं एक भोक दिसलं. उंदराचं बीळ असतं तर तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असता. इथे तसं काही नव्हतं. कडा पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या आणि तोंड उताराच्या वरच्या अंगाला कललेलं. मोजपट्टी आत सोडली, तर ती हातभर सरळ खाली गेली आणि मग आडवी वळली. थोडं पुढे दुसरं भोक, त्याच्या पुढे बशीसारखा खचलेला खड्डा. ही सगळी एका रेषेत होती आणि ती रेषा ओढ्याकडे जात होती. काठावरून खाली उतरून बघितलं तेव्हा उभ्या मातीत, वरच्या कडेपासून गुडघाभर खाली, डोकं मावेल एवढं तोंड उघडं होतं. त्याच्याखाली बारीक, फिकट गाळ पसरलेला. जमिनीच्या पोटात आरपार बोगदा होता, आणि आम्ही त्याच्या छतावर उभे होतो.

भोकापासून सुरक्षित अंतरावर आम्ही खड्डा घेतला. वीतभर खाली मातीचं रूपच पालटलं. वर रवाळ माती, तिच्याखाली फिकट, राखाडी, पिठूळ असा पातळ थर, आणि त्याखाली सुरीचं टोक ठणकन लागावं अशी घट्ट चिकणमाती. ती माती खांबांसारखी उभी होती आणि प्रत्येक खांबाचा माथा गोलसर होता. मृदाशास्त्र शिकलेल्या माणसाला ही रचना दिसली की पहिला संशय सोडियमचा येतो. चोपण थर, म्हणजे सोडियमने भरलेली माती. सामू बघितला, तर वरचा सातच्या थोडा पुढे आणि खालचा नऊच्या वर.

तरीही खात्री करायला हवी होती, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची वाट बघण्याची गरज नसते. इमर्सन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 1967 मध्ये प्रसिद्ध केलेली एक चाचणी काचेच्या भांड्यात करता येते. हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ घ्यायचं, डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडायचं आणि हात न लावता बघत बसायचं. साधं पाणी चालत नाही, कारण त्यात विरघळलेले क्षार चिकणमातीला धरून ठेवतात आणि खरा स्वभाव झाकला जातो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून डिस्टिल्ड.

दोन भांडी गाडीच्या बॉनेटवर ठेवली. वरच्या थराचं ढेकूळ पाण्यात पडलं, थोडं फुटलं, तुकडे तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिलं. खालच्या थराचं ढेकूळ सुरुवातीला तसंच वाटलं. मग त्याच्या कडेने अगदी पुसट दुधी वलय दिसू लागलं. ते तळाशी पसरत गेलं. दहा मिनिटांत ढेकळाची कड कुठे संपते ते सांगता येईना. मावशी वाकून दोन्ही भांडी बघत होत्या. “हेच,” त्या म्हणाल्या, “ओढ्यात हेच येतं.”

फुटणं आणि विरणं यांतला फरक सगळं काही ठरवतो. फुटलेले तुकडे जड असतात, जागीच बसतात. विरलेली चिकणमाती सुटी सुटी होऊन पाण्यात तरंगत राहते आणि पाणी जाईल तिथे जाते. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार असतात, तो चिकणमातीच्या चपट्या कणांना जवळ धरतो. सोडियमवर एकच भार, त्याची पकड सैल, त्यामुळे कण एकमेकांपासून दूर ढकलले जातात. पावसाचं पाणी भेगेतून किंवा कुजलेल्या मुळाच्या वाटेने या थरापर्यंत पोहोचलं की वाटेच्या भिंती विरू लागतात. खाली ओढ्याच्या काठात बाहेर पडायला जागा मिळाली की वाट रुंदावते. गवताची मुळं वरचं छत बराच काळ धरून ठेवतात, म्हणून वरून काही कळत नाही. छत कोसळलं की एका रात्रीत घळ तयार झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती आतून कित्येक पावसाळे खोदली जात असते.

अशा जमिनीवर समतल चर म्हणजे पाण्याला दारात आणून बसवणं. चरात साचलेलं पाणी तासन्‌तास खाली दाब देत राहतं आणि चर खणताना वरची चांगली वीतभर माती काढूनच टाकलेली असते. विरणाऱ्या चिकणमातीने बांधलेली छोटी धरणं पहिल्यांदा भरतानाच आतून फुटल्याच्या घटनांनी 1970 च्या दशकात अभियंत्यांना या मातीकडे गंभीरपणे बघायला लावलं. कारण तेच, फक्त आकार मोठा.

मी तिथूनच गटप्रमुखांना फोन केला.

“सर, उद्याचं काम या पट्ट्यात थांबवायला हवं.”

“नकाशात तर सगळ्यात कमी धोका आहे तिथे. अनिश्चिततासुद्धा कमी आहे.”

“वरच्या मातीबद्दल आहे ती, सर. खाली चोपण थर आहे आणि ओढ्यापर्यंत बोगदा गेलाय. फोटो पाठवते, भांड्यांचेही.”

फोटो बघून त्यांनी वाद घातला नाही. जेसीबी माथ्याकडच्या मुरमाड पट्ट्यात वळवला गेला.

सरांचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता आणि मला वाटतं या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या उत्तरात आहे. अनिश्चिततेचा नकाशा आपण ज्याचा अंदाज केला त्याच्याबद्दलच बोलतो. वीतभर मातीचा पोत किती खात्रीने सांगता येतो, ते तो सांगेल. समीकरणात नसलेल्या प्रक्रियेबद्दल त्याच्याकडे एक अक्षरही नसतं. म्हणून अशा जागी हिरवा रंग आणि वर ‘खात्री जास्त’ असा शिक्का, दोन्ही एकत्र येतात, आणि तो शिक्काच बघून यंत्रं पाठवली जातात.

संध्याकाळी परत आल्यावर मी त्या पट्ट्याचं ड्रोनने केलेलं उंचीचं मॉडेल उघडलं. पाणी कुठून कुठे वाहतं ते काढण्याआधी अशा मॉडेलमधले खोलगट चौकोन भरून घेण्याची रीत आहे. त्याशिवाय संगणकातलं पाणी प्रत्येक खळग्यात अडकून बसतं. बहुतेक खळगे खरोखरच मोजणीतले दोष असतात, म्हणून ही पायरी सगळेच करतात. मी भरलेल्या मॉडेलमधून मूळ मॉडेल वजा केलं. जो फरक उरला, त्यात बरेच विखुरलेले ठिपके होते, आणि त्यांच्यात ओढ्याकडे जाणारी ठिपक्यांची एक माळ. दुपारी पायाखाली पाहिलेले खचलेले खड्डे होते ते. शेजारच्या पट्ट्यात तशीच आणखी एक माळ होती, जिथे आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. दोष समजून जे पुसलं जातं, त्यातच जमिनीने आपली खूण ठेवली होती. त्या पडद्यासमोर मी बराच वेळ बसून राहिले.

दुसरी माळ नंतर जाऊन पाहिली, तिथेही भोकं निघाली. मग पद्धतच बदलली. वजाबाकीचा थर आता आम्ही टाकून देत नाही. गवतात लपलेली बारीक भोकं त्यात दिसत नाहीत, पण खचलेल्या खड्ड्यांच्या रांगा दिसतात. खोलवरचे नमुने सगळीकडे घेणं परवडत नाही, म्हणून ते कुठे घ्यायचे हे या रांगा, सपाटीतले उघडे चट्टे आणि काठातली तोंडं बघून ठरवतो. मातीची विद्युतवाहकता मोजणारं उपकरण घेऊन तो पट्टा चालून काढतो. नुसत्या त्याच्यावर मात्र भरवसा ठेवत नाही, कारण चिकणमाती, ओल आणि क्षार, तिन्हींनी आकडा वाढतो. शेवटी ढेकूळ पाण्यात सोडूनच नक्की होतं. धुपीच्या नकाशावर मूळ रंग तसाच ठेवून, विरणाऱ्या खालच्या थरासाठी वेगळी तिरक्या रेघांची खूण घातली. दोन धोक्यांची बेरीज करून एक रंग द्यावा अशी सूचना आली होती, ती मी आग्रहाने नाकारली. वरून होणाऱ्या धुपीवर उपाय पाणी अडवणं हा आहे, आतून होणाऱ्या धुपीत पाणी साचू न देणं. एका रंगात दोन उलट सल्ले मावत नाहीत.

त्या तुकड्यासाठी मावशींना सांगितलं ते असं: गवत अजिबात काढायचं नाही, वरून येणारं पाणी पट्ट्याच्या बाहेरून संथपणे वळवायचं, भोकं नुसती मातीने बुजवायची नाहीत, कारण पाणी शेजारून नवी वाट काढतं. बोगदा खणून उघडा करायचा, जिप्सम मिसळून थराथराने दाबत भरायचा आणि वर वरचीच माती पसरून गवत लावायचं. जिप्समातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा एकत्र येतात, पण किती जिप्सम हे प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच ठरतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पलीकडच्या कडेला पण एक भोक आहे, ते बघायला कधी येताय?” ते आमच्या नकाशाच्या एकाही थरात नव्हतं. जीपीएसवर बिंदू घेतला आणि त्यांच्याबरोबर तिकडे निघालो.