मेणाच्या ठोकळ्यासाठी एकोणीस दिवस

योनिमुखाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आणि या कशाचाही मला आता राग येत नाही. राग येतो तो आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीचा, कारण माझ्याच शरीरातून काढलेला तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ठोकळा, ज्याला तिथे ‘ब्लॉक’ म्हणतात, मिळवण्यासाठी मी तिथे एकोणीस दिवस घालवले. मी सहासष्ट वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे.

त्या जागेची खाज आणि पांढरट पडलेली कातडी मी दोन वर्षे अंगावर काढली. बुरशीवरची मलमे मिळत गेली, पण तपासून कोणी पाहिले नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. अखेर एका डॉक्टरबाईंनी प्रकाशात नीट पाहिले आणि जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढला. अहवालात कर्करोगाचे निदान होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि विचारले, “गाठीची खोली कुठे लिहिली आहे?” ती लिहिलेली नव्हती. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असेल आणि कातडीत एक मिलिमीटरपेक्षा खोल शिरलेली नसेल, तर जांघेतील लसिका ग्रंथींना (लिम्फ नोड) हात लावावा लागत नाही. त्यापुढे गेली की त्यांची तपासणी करावीच लागते. शिवाय कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या पी-१६ आणि पी-५३ या चाचण्यांसाठी नव्या चकत्या कापाव्या लागणार होत्या, म्हणून केवळ काचपट्ट्या पुरणार नव्हत्या. “ब्लॉक घेऊन या, मग ठरवू,” असे सांगून त्यांनी मला परत पाठवले.

पहिल्या दिवशी खिडकीवर सांगितले की साहेब आल्याशिवाय ब्लॉक देता येत नाही. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण मुंबईच्या रुग्णालयाचे पत्र हवे होते. भाच्याने पत्र आणले, तेव्हा तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांचे पत्रही लागते असे कळले, आणि त्या डॉक्टरबाई आठवडाभर गावाला गेल्या होत्या. प्रत्येक खेपेला खिडकीतला मुलगा “कसली तपासणी? कुठली जागा?” असे रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारी, आणि मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती आत सरकवत असे. अकराव्या दिवशी चिठ्ठी लिहिण्याचाही मला कंटाळा आला आणि मी वर्गात बोलावे तशा आवाजात “योनिमुखाची” असे सांगितले. रांगेतल्या कोणी मान वळवली नाही. मुलाने मात्र त्या दिवसापासून आवाज खाली आणला. चौदाव्या दिवशी दोन्ही पत्रे, ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम घेऊन मी उभी राहिले, तेव्हा त्याने नोंदवही उघडून शांतपणे सांगितले की नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला होता आणि ब्लॉक तिथेच आहे. म्हणजे दोन आठवडे मी त्या इमारतीत नसलेली वस्तू मागत होते, आणि नोंदवही पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताशी होती. पुण्याहून ब्लॉक यायला आणखी पाच दिवस लागले. म्हणून तुकडा काढतानाच विचारून ठेवावे की तो नेमका कुठे जाणार आहे, आणि नमुन्याचा क्रमांक स्वतःकडे लिहून घ्यावा.

फेरतपासणीत खोली तीन मिलिमीटर निघाली. गाठ चार सेंटिमीटरपेक्षा लहान, एकच, आणि जांघेत हाताला काही लागत नव्हते, म्हणून सर्व ग्रंथी न काढता केवळ पहारेकरी ग्रंथी, म्हणजे रोग जिथे आधी पोचतो ती सेंटिनल नोड, काढून पाहता आली. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथून चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०३ स्त्रिया होत्या. एकच गाठ आणि पहारेकरी ग्रंथी निर्दोष असलेल्यांपैकी सुमारे २.३ टक्क्यांनाच जांघेत रोग उलटला. सगळ्या ग्रंथी काढल्या की पायाला कायमची सूज येण्याचा धोका असतो, तो माझ्या बाबतीत बराच टळला. (ही ग्रंथी शोधण्यासाठी दिलेल्या निळ्या रंगाच्या इंजेक्शनानंतर लघवी हिरवट होते; घाबरू नये.) आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: पहिल्या तपासणीत संपूर्ण गाठ कापून टाकू देऊ नये, कारण मग पहारेकरी ग्रंथी शोधणे अवघड होते.

हा कर्करोग दोन वाटांनी होतो. एक एचपीव्ही विषाणूची, जिच्यावर लस उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये आली आणि माझ्या नातीला ती दिली आहे. माझी वाट दुसरी, लायकेन स्क्लेरोससची, म्हणजे त्याच पांढऱ्या कातडीची. हा विकार असलेल्या ऑस्ट्रेलियातील ५०७ स्त्रियांच्या २०१५ च्या अभ्यासात स्टेरॉइडचे मलम नियमित लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग झाला नाही. अनियमित लावणाऱ्या १५० पैकी सात जणींना कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. आता मलम ठरलेल्या दिवशी लावते आणि तपासणीची तारीख चुकवत नाही.

मुंबईहून ब्लॉक परत मिळाला, तो कपाटात स्टीलच्या डब्यात ठेवला आहे. परवा त्याच खिडकीवरून फोन आला की ब्लॉक जमा करा. मी त्यांच्याकडे दोन पत्रे मागितली आहेत.